गाडीत काय नाही ते

ताई, शुक्रवारी घरी आलं ते असं. गाडी एक, राखाडी, पाच दारांची, एका म्हाताऱ्याच्या हातची. तिच्या दोन किल्ल्या, थंडीतले चार टायर, आणि गाडी बंद पडली की रस्त्यात उभा करायचा एक लाल त्रिकोण. हे सगळं मिळून साडेसहा हजार युरो. मागच्या सीटवर डोकं टेकायचे दोन हेडरेस्ट, त्यांचे पैसे घेतले नाहीत, का ते पुढे लिहिते. चाकांखाली ठेवायला लिंबं चार, एक युरो. नारळ एक, तुर्की दुकानातून, दीड युरो. फोडला तर खवट निघाला. तू असतीस तर म्हणाली असतीस, हलवून बघितला नव्हतास का, आत पाणी वाजतं की नाही. हलवला होता, ताई. वाजलं होतं.

तुझ्यापुढे यांना काय म्हणायचं, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. 'हे' म्हटलं तर तुझ्या ताटातलं उचलल्यासारखं वाटतं, आणि नाव तर मी कधी घेतलंच नाही, उखाण्यातसुद्धा नाही, कारण माझ्या लग्नात उखाणा घे म्हणायचं कुणाला सुचलं नाही. म्हणून या पत्रापुरतं भावजीच म्हणते, तू होतीस तेव्हा म्हणायचे तसं. भावजींची फुप्फुसं गेली आहेत. इथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला खोलीत बोलावून, दार लावून, पाण्याचे ग्लास समोर ठेवून सांगितलं की आता महिन्यांचा हिशेब करू नका, आठवड्यांचा करा. इथं वाईट बातमी सांगायच्या आधी पाणी ठेवतात, हे आता मला कळतं. त्यांना ठेवलंय ते क्लिनिक डोंगरावर, जंगलात. हवा चांगली, जाणं वाईट. आमच्या गेर्लिंगेनहून बस, मग आगगाडी, मग दुसरी बस, आणि ती दुसरी बस शनिवार-रविवारी नावापुरती. तुझी लेक आखनला असते, तिथल्या विद्यापीठात पीएच.डी. करते. शनिवारी पहाटे निघून गाड्या बदलत बदलत ती पोचते तेव्हा दुपार कलंडलेली असते, आणि परतीची शेवटची बस चुकली तर राहायला जागा नाही. म्हणजे इतक्या लांबून येऊन पोरीला बापाजवळ बसायला मिळतो तो जेमतेम तास. त्यातही भावजी अर्धा वेळ झोपलेले.

ती म्हणाली, "मावशी, गाडी घेऊ." ती मला मावशीच म्हणते. दोन वर्षांची होती तेव्हापासून म्हणत आली, मी बदलायला सांगितलं नाही. खरं तेच ती म्हणते. जर्मनमध्ये बोलते, मी मराठीत उत्तर देते, आमचं असंच चालतं. तुझ्यासाठी सगळं मराठीत लिहिते आहे. "आठवड्यांचा हिशेब आहे ना, मग त्यातला निम्मा वेळ मी फलाटावर उभी राहून का घालवू?" तिच्याकडे लायसन आहे, लॅबच्या गाड्या ती चालवते. भावजींना ते माहीत आहे, आणि त्यांनी त्यावर कधी एक अक्षर काढलेलं नाही.

तुला सांगायला हवं, आमच्या घरात चाक नाही. भावजी आयुष्यभर गाड्यांच्या ब्रेकचे भाग तपासत आले, त्यांच्या कंपनीतला झाडूवालासुद्धा स्वतःच्या गाडीनं येतो, आणि हे बसच्या थांब्यावर डबा घेऊन उभे. कंपनीतले मराठी मुलगे थट्टा करायचे, "काका, आचारी उपाशी!" भावजी हसायचे. घरी आल्यावर हसणं पुसून टाकायचे. मी एकदाच विचारलं होतं, इकडे नवीन आलो तेव्हा, पोर पाच वर्षांची होती आणि तिला ताप होता. म्हणाले, "या घरात चाकं नकोत." त्यानंतर विषय नाही. आणि अजून एक. बसमध्ये चढताना, कुणाच्या गाडीत बसताना, दार लागायच्या आत ते मला विचारतात, "पदर?" मी म्हणते, "घेतला." मगच ते समोर बघतात. इकडच्या थंडीत मी पँट घालते, वर लांब कोट, पदर नावाची गोष्ट कपाटात आणि सणाला. तरी विचारतात. तरी मी म्हणते, घेतला. आमच्या संसारात दुसरं काही रोज न चुकता बोललं गेलं असेल तर मला आठवत नाही.

मागच्या महिन्यात मी क्लिनिकमध्ये त्यांचे पाय चेपता चेपता विषय काढला. म्हटलं, "पोरीचे फार हाल होतात येताना. जुनी पण चांगली गाडी मिळते आहे." ऑक्सिजनची नळी नाकात, तिचा आवाज तेवढा. मग म्हणाले, "तुला माहीत आहे, मी काय काय तपासलं होतं." मी म्हटलं, "माहीत आहे." म्हणाले, "मग? मी असेपर्यंत नाही." पोर खिडकीशी उभी होती. ती त्यांच्याकडे पाठ करूनच बोलली, "मग, बाबा, तुम्ही नसल्यावर मी इथं कुणाला भेटायला येऊ?" ताई, तुझीच जीभ. भावजींनी डोळे मिटले.

मला दोन्हीकडून बरोबर वाटत होतं, म्हणजे दोन्हीकडून चूक. इतक्या वर्षांत मी त्यांचा एक शब्द ओलांडलेला नाही. तो ओलांडायचा, तोही ते असे आडवे असताना? आणि पोर म्हणजे काय माझी आहे? ती तुझी ठेव. आखनहून इकडे येणाऱ्या रस्त्यावर गाड्या अशा धावतात की पुलावरून बघितलं तरी मी कठडा धरते. तिथं मी तुझी एकुलती एक लेक माझ्या सहीनं, कुणीतरी वापरलेल्या गाडीत घालून सोडायची, आणि काही झालं तर तुला वर तोंड काय दाखवायचं? रोज पूजेला बसले की तुझा टाक, गेलेल्या पहिलीच्या नावानं दुसरीच्या गळ्यात घालतात तो, हातात घेऊन पुसते. या गळ्यातल्या टाकावर चेहरा कुणाचाही असू शकेल असा आहे, सोनारानं बाई काढली एवढंच, पण मी त्यालाच विचारत होते. टाक काय बोलतो.

तुझी आठवण काढायची म्हटलं की मला स्वयंपाकघर दिसतं. तू माहेरी आलेली आहेस, ओट्याशी बसून वाटाणे सोलते आहेस, आणि मी शाळेच्या समारंभाला तुझी जांभळी इरकल नेसून, काठ उसवून, चोरपावलांनी आत येते. तू मान वर न करता म्हणतेस, "मागितली असतीस तर दिली असती. न मागता घेतलेलं मला परत हवं." रागावली नाहीस, आवाज चढवला नाहीस, म्हणून ते जास्त लागलं. मी रडत घडी करून दिली. आणि मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा तीच इरकल, काठ शिवून, माझ्या हातात ठेवलीस. "नवी नाही हं. माझ्या अंगावरची आहे." ती अजून माझ्याजवळ आहे.

तुम्ही मोटारसायकल घेतलीत तीही त्याच उन्हाळ्यात. भावजींच्या कारखान्यातल्या एका सडाफटिंग मित्राची. ओळखीतली, एकाच हातची, नव्यासारखी ठेवलेली. आपल्या अंगणात आणून भावजींनी ती उलगडून बाबांना दाखवली होती: इंजिन, साखळी, ब्रेक, टायर, दिवे, भोंगासुद्धा वाजवला. बाबा खूश. "जावई इंजिनियर असल्यावर फसवतो कोण!" मग चहा झाला. पोरीला उचलून पुढे टाकीवर मीच बसवलं. तू मागे बसलीस एका बाजूला पाय सोडून, नवी शिफॉन, गुळगुळीत, खांद्यावर ठरत नव्हती. मी हात हलवला, तू पदर सावरत हसलीस. तेलघाणीच्या वळणापर्यंतही पोचला नाहीत. त्या पदराचं पुढे काय झालं ते मी लिहीत नाही, तुला माहीत आहे. पोर टाकीवर जशीच्या तशी होती, खरचटलंही नाही.

तिसऱ्या दिवशी तो मित्र आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. ओसरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. कागद सुटला तर आत लोखंडी जाळी. पदर आत जाऊ नये म्हणून मागच्या चाकाला लावायचा साडीगार्ड. "मी एकटा माणूस, मला लागत नव्हता. काढून ठेवला होता, माळ्यावर. सांगायचंच राहिलं." भावजी समोर उभे होते. त्यांनी ती जाळी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली, नट कुठे बसतात ते बोटानं चाचपलं. जे होतं ते सगळं त्यांनी तपासलं होतं, ताई. जे नव्हतं ते कुणाला दिसतं? तेव्हापासून भावजींनी कुठलीही गाडी चालवली नाही. आणि वर्षाच्या आत मला त्यांच्या घरी पाठवलं, पोरीला सांभाळायला. तू त्या घरात हवी होतीस. मी लागत होते.

गाडी बघायला गेलो तो सोमवार. मी आधीच म्हटलं होतं, ओळखीतल्याची नको. दुकानातली, तपासून शिक्का मारलेली, कागदाची. शोरूममध्ये काचेच्या भिंती, फरशी इतकी स्वच्छ की मी बूट पुसून आत गेले. विकणारा मुलगा तरुण, चष्मा, हात थंड. त्यानं आम्हाला कॉफी दिली आणि एक कागद समोर सरकवला, ओळीनं हिरव्या खुणा. हे तपासलं, ते तपासलं, अपघात झालेला नाही, ट्यूफची सरकारी तपासणी नवी, वर्षाची हमी. पोर एकेक ओळ मला सांगत होती आणि तिच्या गालावर लाली चढत होती, तिला ती गाडी आवडली होती. मी विचारलं, "पहिला मालक कोण?" एक आजोबा. बायको आधीच गेली होती. दुकान, दफनभूमी आणि घर, एवढीच गाडी चालली. आता ते वृद्धाश्रमात गेले, म्हणून विकली. मुलगा हसून म्हणाला, "एकटाच माणूस. अगदी जपून वापरलेली."

मी कॉफीचा कप खाली ठेवला. मी पोरीला म्हटलं, "याला विचार, गाडीत काय नाही?"

"म्हणजे?"

"काय आहे ते त्यानं सांगितलं. काय नाही ते सांगू दे."

"मावशी, असं कुणी विचारतं का? तो म्हणेल, विमानाचे पंख नाहीत."

"म्हणू दे."

"पण का?"

मग मी तिला सांगितलं. तिथंच, त्या मुलासमोर, मराठीत. तिला एवढंच माहीत होतं की आई मोटारसायकलवरून पडून गेली. जाळीचं कुणी सांगितलेलं नव्हतं. बापाला जमलं नाही आणि मी बापाला सोडून सांगायचं नाही असं ठरवलेलं. ती ऐकताना कागदावरच्या हिरव्या खुणांवरून बोट फिरवत होती, वरून खाली, परत वरून खाली. मुलगा पेन धरून बसला होता, कधी तिच्याकडे बघे, कधी माझ्याकडे, त्याला वाटलं असेल किमतीवरून चाललंय. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "माळ्यावर होतं?" मी म्हटलं, "माळ्यावर." मग ती त्याच्याकडे वळली आणि जर्मनमध्ये एकच वाक्य बोलली.

मुलगा हसला नाही. उठला, गाडीपाशी गेला, आम्हीही मागोमाग. दारं उघडली, मागे वाकून बघितलं. आणि मग म्हणाला, हो, मागचे हेडरेस्ट नाहीत. म्हाताऱ्यांना मागं बघताना काचेतून नीट दिसत नाही, म्हणून त्या आजोबांनी काढले होते. मागे कधी कुणी बसतच नव्हतं. "खाली स्टोअरमध्ये ठेवलेत. आणतो."

पोरीनं माझा हात धरला. तिला मी नुकतंच सांगितलं होतं ना. त्या मित्राचंच वाक्य, ताई, फक्त दुसऱ्या भाषेत, आणि या वेळी वेळेवर. त्यानं ते आणून बसवले, खटकन आवाज आला, दुसरा, परत खटकन. मी मागे बसून डोकं टेकून बघितलं. मग सही केली. देवाचा कौल होता का ते मला ठाऊक नाही. मला एवढंच वाटलं की विचारलं तेव्हा या माणसानं सांगितलं, आणि आपण विचारलं.

काल शनिवारी गेलो. भावजी खिडकीशी खुर्चीत होते, त्यांना वरून गाडी दिसते, आम्ही दोघी उतरताना दिसतो. खोलीत शिरलो तर भिंतीकडे तोंड. पोर त्यांच्या पायाशी बसून राहिली, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, बसची घाई नाही, काही नाही. तिनं त्यांची नखं कापली. मी सफरचंद किसून भरवलं, त्यांनी दोन चमचे घेतले. तो दिवस आम्ही ज्यासाठी विकत घेतला होता तो असा गेला. उजेड उतरला तेव्हा त्यांनी भिंतीलाच विचारलं, "मागे कोण बसलं होतं?"

"कुणी नाही, बाबा. मावशी पुढे होती."

"मागे कुणाला बसवू नका."

"त्यात आता हेडरेस्ट आहेत..." मी सांगायला लागले. त्यांनी हात वर केला, पुरे. दया आली की राग आला, मला कळलं नाही. मी कोट चढवला. दाराशी पोचले तेव्हा मागून आवाज आला, नळीच्या आवाजात मिसळलेला, "पदर?" आणि मी तोंड उघडायच्या आत पोर म्हणाली, मराठीत, "घेतला, बाबा." त्यांनी वळून बघितलं. कुणाकडे बघितलं ते मी सांगू शकत नाही. त्यांची नजर तिच्यावर होती, पण ती जीन्स घातलेल्या मुलीवरची नजर नव्हती. आणि ते रडायला लागले, खोकत खोकत, नर्सला बोलवावं लागलं. आम्हाला बाहेर काढलं. पुढच्या शनिवारी ते असतील का, हे नर्सला विचारायचा मला धीर झाला नाही.

आज दुपारी ती आखनला निघाली. मी चाकांना हळदकुंकू लावलं, ती म्हणाली, "रस्त्यावर पोलिसांनी थांबवलं तर काय सांगू, मसाला सांडला?" मी हसले, आणि गाडी वळली तशी हसू गळालं. पोचली की दोनदा घंटा वाजवून फोन ठेवायचा, उचलायचा नाही, पैसे पडत नाहीत, असं आमचं ठरलंय. तेव्हापासून मी फोनशेजारी बसून हे लिहिते आहे. मधेच एकदा कुणाचा तरी चुकून फोन आला, तीन घंटा वाजल्या, मी उठून उभी राहिले.

आत्ता वाजला. दोनदा. थांबला. पोचली, ताई. तुझी लेक पोचली.

आता एक राहिलंय, ते मी वर लिहायचं टाळलं. शोरूममध्ये ती त्या मुलाला जे एक वाक्य बोलली, ते असं होतं: "माइने मुटर म्योष्टे विसन, वास फेल्ट." माझ्या आईला जाणून घ्यायचं आहे, काय नाही. फेल्ट म्हणजे नसणं, कमी असणं. माणूस गेलं आणि त्याच्यावाचून जीव लागेनासा झाला तरी हे लोक हाच शब्द वापरतात. तो मुलगा माझ्याकडे बघून अदबीनं मान हलवून गेला, त्याला समोर दिसणारी आई मीच. पण ती तेव्हा नुकतीच तुझी गोष्ट ऐकून वळली होती. तुझ्या तोंडचा प्रश्न म्हणून ती बोलली असेल. 'आई' म्हणजे तू, हे तिला लहानपणापासून मीच शिकवलंय, फोटोसमोर उभं करून. मी तिला विचारलं नाही, कुठली आई म्हणालीस. विचारलं तर ती खरं सांगेल, म्हणून नाही विचारलं. त्या दिवसापासून तो शब्द मी माझ्याकडे ठेवून घेतला आहे, इरकलीसारखा, न मागता.

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही, कुठल्या पत्त्यावर टाकू. पण शब्द तुझा असेल आणि तुला परत हवा असेल, तर उलट टपाली कळव.